सरकारच्या लेखी मी नोकरीला होते

बी.ए. झाल्या झाल्या मी डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवून आले. नोंदणी जितकी जुनी तितका कॉल लवकर, आणि नोकरी लागली की नाव कमी, एवढं तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझं नाव तिथे लोणच्यासारखं मुरत पडलेलं. "धीर धर, आता तुझाच नंबर," बाबा म्हणायचे.

मधे बेकार मुलींसाठी कल्याणला सरकारी टायपिंगचा वर्ग निघाला. शिकवणाऱ्या बाई कडक, पण जीव लावणाऱ्या. कुणी डबा विसरली की आपली पोळी मोडून द्यायच्या. खिळखिळ्या मशीनवर त्यांनी आमचा हात चांगला बसवला. पण नोकऱ्या? डोंबलाच्या! एकीलाही लागली नाही.

वर्गाचा उपयोग किती झाला ते बघायला साहेब येणार होते. आदल्या दिवशी बाईंनी आम्हाला थांबवून घेतलं. "निम्म्या मुली तरी कामाला लागलेल्या दिसल्या नाहीत, तर वर्ग बंद. आणि मीही घरी," त्या म्हणाल्या. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, पदरात दोन मुलं. आमच्याकडे न बघता बोलत होत्या. मला संताप आला, पण बाईंचा नाही. अरे, नोकऱ्या देणं तुमच्या हातात, आणि जाब या बाईला विचारणार?

साहेबांना मी ठोकून दिलं, "लागले ना. नौपाड्यात, वकिलाकडे टायपिस्ट." आणखी काहीजणींनीही असंच काहीबाही सांगितलं. साहेब खूश झाले, वर्ग वाचला. बाईंनी नुसता माझा हात दाबला.

काही महिन्यांनी मी नोंदणीचं नूतनीकरण करायला ठाण्याला गेले. खिडकीतले कारकून म्हणाले, "तुमचं नाव कमी झालंय. नोकरी लागली ना तुम्हाला?" साहेब त्याच खात्याचे. माझ्या एका थापेत वर्ग यशस्वी झाला, वर एक बेकारही घटली. आणि माझी इतकी वर्षं पाण्यात. खरं सांगावं तर बाई घरी बसणार.

"सोडली ती नोकरी. नव्यानं नाव नोंदवायचंय," मी म्हटलं.

कारकून वयस्कर होते. कळवळून म्हणाले, "अहो ताई, लागलेली नोकरी अशी सोडतं का कुणी? मागे बघा जरा, किती मुली उभ्या आहेत."

"चुकलं," म्हटलं, आणि त्या मुलींच्या मागे जाऊन उभी राहिले.