पलीकडच्या वस्तीतली बालवाडी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात दोन बालवाड्या सुरू झाल्या. एक देवळाशेजारच्या खोलीत, माझी. दुसरी बौद्ध वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर. तिथली ताई सातवी शिकलेली, माझ्याहून लहान. मी मॅट्रिक आणि प्रशिक्षण घेतलेली.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, लिहायला बसवायच्या आधी लेकरांची बोटं तयार करा. माती मळू द्या, या वाटीतलं पाणी त्या वाटीत ओतू द्या. पण त्या वर्षी दुष्काळ होता, टँकरच्या पाण्यावरून बायका हमरीतुमरीवर येत होत्या. खेळायला पाणी कुठून आणायचं? मी सगळ्यांना पाट्या दिल्या आणि 'अ' गिरवायला लावला.

हळूहळू लेकरं गळू लागली. एक दिवस माझी चार वर्षांची लेकही वर्गातून उठून गेली. शोधत गेले तर ती विहाराच्या ओट्यावर. कुणी ताटातल्या राखेत बोटानं रेघा ओढत होतं, कुणी दोन बोटांच्या चिमटीत चिंचोके धरून बाटलीत टाकत होतं. जिच्या हातात पेन्सिल टिकत नव्हती ती माझी लेक एरंडाच्या पोकळ देठाचे तुकडे दोऱ्यात ओवत होती. मी हाक मारली, तिनं मान वर केली नाही.

मला ते सहन झालं नाही. बालवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका जीपनं आल्या तेव्हा मी म्हणाले, "बाई, ती दुसऱ्या बालवाडीतली ताई लेकरांना राखेत बसवती. शिकवत काहीच न्हाई." वस्तीचा उल्लेख मी केला नाही. पण बोलण्याचा रोख कुठं होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्या लगेच तिकडं निघाल्या. मीही मागं गेले, तिला बोलणी बसतील या आशेनं. बाई लेकरांजवळ उकिडव्या बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"या ताईंनीच," तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हापशावर एकदा सांगत होत्या, बोटं तयार करावी लागतात म्हणून. पाणी न्हाई, मग कोरडंच करून घेते."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला तिचा आणखीच राग आला. माझंच ज्ञान, मी वाया घालवलेलं, तिनं उचललं होतं आणि वर श्रेयही मलाच देत होती.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडं ते खेळ विचारायला गेले. तिनं सगळं नीट दाखवलं. माझ्या चुगलीचं तिला कळलं होतं की नाही, ते तिच्या तोंडावरून समजलं नाही. मीही कबूल केलं नाही.

लेकीचं अक्षर पुढं फार सुरेख झालं. शाळेतले गुरुजी विचारायचे, हात कुणी वळवला हिचा? मी म्हणायची, "बालवाडीत." कुठल्या, ते कधीच सांगितलं नाही.