बाईंनी न शिकवलेलं प्रकरण

"हे घरी विचारा," असं म्हणून बाई पुस्तकाची पानं एकदम उलटायच्या. दोन बोटांनी, चटका बसेल अशा भीतीनं. आरोग्यशास्त्राच्या तासाला दातांवर आठवडाभर शिकवायच्या, नारूवर तर फळा भरून चित्र काढायच्या. मुलीच्या शरीराचं प्रकरण आलं की पानं उलटली आणि थेट हिवताप.

घरी कुणाला विचारायचं? एका खोलीत आम्ही सहा जणं. वडील गिरणीत, तिथल्या कापसाच्या धुळीनं त्यांना खोकला लागलेला. ते कामावर गेले नाहीत की चूल आईच्या विड्यांवर. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा वाटलं, वडिलांसारखा मलाही रोग लागला, आता औषध कुठून आणायचं. कुणाला बोलले नाही. शेवटी आईला विचारलं. विडीची पानं कातरता कातरता, मान वर न करता ती म्हणाली, "मला काय ठावं? शाळेत कशाला घातलंय तुला? तितंच विचार की."

बाई घरी पाठवणार, आई शाळेत. मी आपली मधल्या रस्त्यावर.

बाई वाईट होत्या असं समजू नका. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. उवा झालेल्या पोरीला पायरीवर बसवून त्या स्वतः फणी फिरवायच्या. कुणाकडे साबण नसला तर स्वतःच्या घरचा तुकडा कागदात गुंडाळून द्यायच्या. पण पाळी आलेल्या मुलीनं वर्गात मागे पोत्यावर बसायचं, माठाला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम. "पाणी नासतं गं," म्हणायच्या, आणि तेही आरोग्याच्या तासाला. सोलापूरचं ऊन, आणि पोरी घसा कोरडा घेऊन बसलेल्या. पटकीचे जंतू फळ्यावर काढणारी बाई हे शिकवत होती, याचा संताप मला आजही येतो.

पुढे मी बी.ए., बी.एड. होऊन त्याच शाळेत नोकरीला लागले. बाई अजून तिथंच शिकवत होत्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुठंही ठासून सांगते.

नववीत नागमणी होती. हातमागावरच्या तेलुगू घरातली. त्यांच्यात मुलगी वयात आली की लपवत नाहीत. पाटावर बसवतात, हळद लावतात, नवी साडी नेसवतात, तिळाचे लाडू वाटतात. ती हौसेनं डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. बाईंनी लाडू तोंडात घातला आणि मग विचारलं, "कशाचे गं?"

"मी मोठी झाले ना, बाई."

बाई उठल्या, मोरीत जाऊन चूळ भरून आल्या. "लाज नाही वाटत? जा, पोत्यावर बस." पोरीची पाळी संपून आठवडा झाला होता, तरीही.

दुसऱ्या दिवसापासून नागमणी शाळेत आली नाही. मी घरी गेले. तिची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. म्हणाली, "आमी पाटावर बसवलं, तुमी पोत्यावर. आता कशाला पाठवू? मागावर बसंल. लग्नाचं बी बघतोय." नागमणी कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. वर्गात गणितात पहिली येणारी पोर.

"पोतं मी काढते," मी म्हटलं. "नाही काढलं तर नका पाठवू."

शाळेत येऊन बाईंना म्हटलं, "तुमच्यामुळं मुलीची शाळा सुटली."

"मला गोठ्यात बसवायचे," त्या म्हणाल्या. "लहान होते. काय झालंय ते कुणी सांगितलं नाही. वाटायचं, आता मरणार. मेले का मी?"

माझीच भीती ती. पण बाहेर आल्यावर राग दुप्पट झाला. जिला हे स्वतः सोसावं लागलं, तिनंच ते आमच्या पदरात टाकावं?

त्याच आठवड्यात मला पाळी आली. नववीच्या वर्गात मी तसं सरळ सांगितलं, माठातून पाणी काढलं, प्याले आणि म्हटलं, "आता तुम्ही प्या. कुणाला काही झालं तर माझं नाव सांगा." मग मागच्या पोत्यावरून आवाज आला, "बाई, मला द्या की." तिनं लागोपाठ दोन पेले रिकामे केले. मी पोतं गुंडाळून बाहेर टाकलं.

बाईंनी मुख्याध्यापिकांकडे तक्रार नेली. त्यांनी एवढंच विचारलं, "मुली आजारी पडल्या का?" मग आरोग्याचा तास माझ्याकडे दिला.

बाई त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घरून तांब्या आणायच्या. शाळेच्या माठातलं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही, माझ्याशी बोलल्याही नाहीत. पोरींच्या उवा मात्र काढत राहिल्या. पुढे त्या भाच्याकडे मोडनिंबला गेल्या, तिथंच वारल्या. ऐकून मला रडू आलं. राग गेला नाही.

ते प्रकरण मी त्या वर्षी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शिकवलं. पहिल्या तासाला नागमणी पुढच्या बाकावर होती. पुढे ती मॅट्रिक पास झाली. तिच्या घरातली पहिली.