चांगल्या पायाला पट्टी

महाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या गुडघ्याची पट्टी सोडली, गुडघा इकडे वळवला, तिकडे वळवला आणि म्हणाले, “याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे.”

मी दाराकडे पाहिलं. दारात एका कंपनीच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक उभे होते. अंतिम सामन्यातून त्यांनीच मला गाडीत घालून आणलं होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका मोसमात सर्वाधिक गुणांचा विक्रम मी तासाभरापूर्वीच मोडला होता, आणि त्या विक्रमावर मला त्यांच्या संघात नोकरी मिळणार होती. पण कळ इतकी येत होती, की शेवटी बोलले, “डॉक्टर, दुखतो तो उजवा.”

त्यांनी उजवी नडगी धरून पुढे ओढली. “एसीएल तुटलंय,” ते म्हणाले. एसीएल म्हणजे अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा दोर. तो तुटला की वळताना पाय सटकतो. “ऑपरेशन लागेल. नऊ महिने मैदान बंद. आणि पट्टी डाव्याला कशाला गं?”

काय सांगणार, कप्पाळ! उजवा गुडघा महिनाभर आधीच कुडपणला, आमच्या गावच्या मुरमाड मैदानावर सरावात सटकला होता. पट्टी दिसली की समोरच्या पोरी नेमका तोच पाय धरतात. म्हणून आम्ही चढाई करणाऱ्या मुली पट्टी चांगल्या पायाला बांधायचो. अंतिम सामन्यात त्या पोरी डाव्यावर तुटून पडल्या, मी गुण लुटले, आणि सगळा भार घेऊन घेऊन उजवा कामातून गेला.

प्रशिक्षक एवढंच म्हणाले, “एक मोसम जागा ठेवतो. त्यापुढे नाही.”

मुंबईत आर्थ्रोस्कोपी झाली, म्हणजे दोन बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून ऑपरेशन. मांडीमागच्या स्नायूची शीर काढून नवा दोर बसवला. मग मी पोलादपूरला मावशीकडे राहिले आणि एसटीने महाडला व्यायामाला जायला लागले. फिजिओथेरपिस्ट बाई रोज गुडघा वाकवायच्या आणि विचारायच्या, “दुखतंय?” मी दात-ओठ खाऊन सांगायचे, “छे!”

तिसऱ्या आठवड्यात गुडघा नारळाएवढा सुजला. महाडचे डॉक्टर भयंकर चिडले. “मैदानात पोरींना फसव. मला कशाला फसवतेस?”

कुडपणहून आलेली आई शेजारी बसली होती. म्हणाली, “बाय माझे, दुखतंय तर दुखतंय म्हण गो. हितं तुला कोन धरायला येत नाय.”

तेव्हा पहिल्यांदा मी भोकाड पसरून रडले. खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी विचारलं की नेमकं बोट ठेवून सांगायचे: इथे, एवढं. मग त्याही बेताने वाकवायला लागल्या आणि गुडघा ऐकायला लागला. ज्यांच्या नशिबी हे दुखणं येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टर समोरच्या संघातले नसतात.

नऊ महिने भरले आणि मोसम संपायच्या आत मी कंपनीच्या संघाकडून मैदानात उतरले. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे पट्टी उजव्यालाच बांधली. पहिल्याच चढाईला समोर डाव्या कोपऱ्यात कोण? त्या अंतिम सामन्यातलीच पोरगी, आता दुसऱ्या कंपनीच्या संघात. मला बघताच ओरडली, “पट्टी उजव्याला आहे, म्हणजे डावा धरा गं! हिची खोड मला ठाऊक आहे!”

तिघी माझ्या डाव्या पायावर पडल्या. उरला उजवा. मग त्याच गुडघ्याने जीव खाऊन रेटा दिला आणि हात लांबवला. बोटं मध्यरेषेला टेकली. तीन गुण!

सामना संपल्यावर ती धापा टाकत आली. “खरंच उजवाच होता होय? मग सांगायचं नाही का?”

“अगं बये,” मी म्हटलं, “पट्टी बांधून सांगितलं तर होतं!”