डोक्यातली सोसायटी

आमचे विज्ञानाचे सर बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे कमी आणि कपाळाकडे जास्त बघायचे. समोरच्याला वाटायचं, टिळा वाकडा लागलाय की काय. पोरं त्यांना मेंदूमास्तर म्हणायची. एकदा ते कानावर आलं, तर म्हणाले, "म्हणा की. ज्या मेंदूतनं हे नाव सुचलं, त्याच्यावरच माझं पोट हाय."

वर्गात ते काळ्या मातीचा मेंदू करून आणायचे आणि त्यातून गावची दूध सोसायटी उभी करायचे. "हा वरचा सुरकुतलेला मोठा मेंदू, हे संचालक मंडळ. विचार, आठवण, भाषण, समदं हितं. मागं खाली लहान मेंदू. भरली किटली घेऊन तू बांधावरून पडत न्हाईस, ते ह्याच्यामुळं. आन् खाली हे मस्तिष्कपुच्छ, हा राखणदार. मंडळ झोपलं तरी हा श्वास चालू ठेवतो." मग डावी बाजू दाबून म्हणायचे, "कारभार उलटा हाय बे. हितून हुकूम सुटला की उजवा हात हालतो. बोलायची जागाबी बहुतेकांची हितंच. कळायची येगळी, तिच्या मागं." दुष्काळात त्या मातीला भेगा पडायच्या. सर आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी शिंपडून त्या बुजवायचे. ती उधळपट्टी बघून माझं डोकं फिरायचं.

मी दहावीत नापास झालो आणि बैलांच्या दलालीत शिरलो. तिथे भाव तोंडानं होत नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून होतो. हात सोडला की सौदा मोडला. कुणाच्या आधाराशिवाय मी त्यात उभा राहिलो. पुढे एका दुष्काळात सोसायटीच्या सभासदांच्या जनावरांना चारा पुरवायचं काम मी मागितलं. माझ्याइतकं ताजं उसाचं वाढं कुणी आणत नव्हतं. सरही सभासद होते; सभेत त्यांनी उठून दुसऱ्याचं नाव सुचवलं.

"कावून सर?"

"माल चांगला हाय तुझा. पण राग आला की तू भरली गाडी माघारी नेशील. तवर जनावरं काय खातील?"

सभा हसली. त्या दिवसापासून मी सरांशी बोललो नाही. तोच चारा चौसाळ्याकडच्या गावांनी घेतला आणि मी एकही गाडी माघारी नेली नाही. हे सरांनी एकदा कबूल करावं, एवढंच मला हवं होतं.

बऱ्याच वर्षांनी सरांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. गेलो. सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "समदं कळतं त्यांना. बोलता येत न्हाई."

"सर, नेली का मी एक तरी गाडी माघारी?"

ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मी खांद्यावरचा रुमाल काढून त्यांच्या उजव्या हातावर टाकला आणि सवयीनं बोटं धरली. बोटांत जीव नव्हता. तेव्हा तो उलटा कारभार आठवला. खाटेला वळसा घालून डावा हात धरला. "माझं खरं असंल तर दाबा."

बोटं दाबली नाहीत, सुटलीही नाहीत. माझं टाळकं सटकलं. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणून मी उठलो, तसा तो हात आवळला. मी ओढला, सरांनी सोडला नाही. अर्ध्या तोंडानं हसत होते. काकू म्हणाल्या, "बसा की, च्या टाकलाय." बसावंच लागलं.

थोड्या दिवसांत सर गेले. ती कबुली होती की माझ्या रागावरचा पुन्हा तोच टोमणा, हे माझं अजून ठरत नाही. मात्र हल्ली बाजारात भाव फिसकटला तरी माझा हात रुमालाखालून लवकर निघत नाही. समोरचाच वैतागून म्हणतो, "सोडा की मालक."