बोटभर रुंद रकाना

रकाना कोरा ठेवायचा नाही, एवढंच त्या कारकुनाला आयुष्यात पक्कं ठाऊक होतं. पोलीस ठाण्यात सगळे त्याला 'रकानेबहाद्दर' म्हणत आणि हा बावळट त्यावर खूश असे. आरोपी बायकांच्या नोंदवहीत 'सवय' नावाचा बोटभर रुंद रकाना होता. 'पहिल्यांदाच सापडली' एवढं त्यात मावत नसे, म्हणून हा सरसकट 'सराईत' लिहून मोकळा होई. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. यानं तर शीतही चेपून पाहिलं नव्हतं.

निवृत्तीला महिना उरला असताना एक बाई खिडकीशी आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला काम मिळत होतं, फक्त चारित्र्याचा दाखला हवा होता. त्यानं तिला बसायला सांगितलं आणि जुनी वही काढली. चौदा वर्षांपूर्वी, दुकानातून साबणाच्या दोन वड्या. सवय: सराईत. अक्षर त्याचंच होतं. त्यानंतर आणखी पाच चोऱ्या.

"सहा नोंदी आहेत, बाई."

"असतील की. साबण उचलला, ते खरंच. पण तेव्हा मी सराईत नव्हते हो, दादा. मग जिथं काम मागायला जावं, तिथं चौकशीच्या कागदात तोच शब्द. सख्खी बहीण माझ्यासमोर कपाटाला कुलूप घालायला लागली. म्हटलं, नाव झालंच आहे, तर चोरीच करू." ती हसली. "कुणी लिहिलं होतं, कळेल का? भांडायचं नाही मला. माझ्यात काय दिसलं त्यांना, एवढंच विचारायचंय."

त्याची कानशिलं तापली. पहिली नोंद आपण न विचारता केली, असं त्यानं सहीनिशी लिहून दिलं असतं, तर साहेबांनी दाखल्याचा विचार तरी केला असता. पण मग चौकशी लागली असती, आणि अशा किती जणींना आपण सराईत करून ठेवलं, तेही बाहेर आलं असतं. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज वाटली म्हणून धीर थोडाच येतो!

"त्यांची बदली झाली," तो म्हणाला. "आणि दाखला काही मिळणार नाही."

ती उठली. त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही कशाला तोंड पाडता, दादा? तुमचा काय दोष यात? इतक्या वर्षांत या ठाण्यात मला 'बसा' म्हणणारे तुम्हीच पहिले."

आणि त्या कोडग्यानं मान डोलावली.