घासणारीचं पान पहिलं

आमच्या वस्तीत सगळ्यांच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती: तांब्याची तीन मोठी पातेली. दोन भाताची, एक वरणाची. विहाराच्या कोपऱ्यात ती पालथी घातलेली असत, आणि कोणाच्याही घरी लग्न निघालं की बाहेर येत.

ती आली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावकीची भांडी देवळात असत. गावातल्या प्रत्येक लग्नाला ती मिळत, आमच्या लग्नांना मिळत नसत. उलट गावात लग्न असलं की लाकडं फोडायला, अंगण झाडायला आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला आमच्या बाया. सगळं गाव जेवून ढेकर देऊन उठलं, की उरलंसुरलं त्यांच्या पदरात. धम्म घेतल्यावर वस्तीने हे बंद केलं. घराघरातून मोडकं तांबं गोळा झालं. फुटका तांब्या, भोक पडलेली घागर, काठ गेलेली कळशी, ज्याच्याकडे जे होतं ते. ते सगळं मोडीत घालून पनवेलच्या तांबटाकडून पातेली आणली. म्हणून ती कोणा एकाची नव्हती.

त्याच दिवशी जाणत्यांनी नेम घातला. पातेली घासायची पाळी प्रत्येक लग्नाला चार घरच्या चार बायांची, आणि त्या दिवशी पंगतीतली पहिली पानं त्यांची. नवरदेवाचे मामा असोत की मुंबईचे पाहुणे, घासणाऱ्या बायांच्या पानावर भात पडल्याशिवाय कोणाच्या पानावर पडायचा नाही. मी लहान असताना मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. जग बघितल्यावर कळलं, आमच्याशिवाय असं कुठेच नसतं.

माझा दादा खोपोलीच्या कारखान्यात लागला. वस्तीतली ती पहिली पक्की नोकरी. आईने सगळ्या घरांत साखर वाटली. मग दादाच्या खोलीत एकेक वस्तू येऊ लागली. रेडिओ आला, टेबलफॅन आला, आरशाचं लोखंडी कपाट आलं, कोणी कधी बसत नसे असा सोफा आला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी दादाला काहीतरी कमीच पडत होतं. शेजारच्याने आणलं की आपल्याकडे हवं, आणि आपण आणलं की शेजारच्याने बघायला हवं. मला वस्तूंचा राग नाही. घरात मिक्सर आला तेव्हा पाट्यावरून टुणकन उठलेली पहिली मीच. पण वस्तू वाढल्या तसा दादा माणसं मोजायला लागला, कोण आपल्या बरोबरीचं आणि कोण नाही, आणि त्याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

दादाचं लग्न ठरलं. मुलगी कर्जतची, शिकलेली, आपल्यातलीच. लग्न आमच्या वस्तीत, विहारापुढे. सकाळी खोपोलीहून टेंपो आला आणि त्यातून घडीच्या खुर्च्या, टेबलं, पांढरी कापडं, एक आचारी आणि त्याची माणसं उतरली. तोवर आम्हाला कोणालाच काही ठाऊक नव्हतं. हळूहळू उलगडा झाला. पुढे मांडवात टेबल-खुर्च्यांवर कारखान्याचे साहेब आणि दादाचे दोस्त; त्यांना पुरी, श्रीखंड, मसालेभात. मागे चिंचेखाली जमिनीवर वस्ती. तिला पातेल्यातला वरण-भात आणि बुंदी. साहेब जेवून मोटारीत बसले की मग मागची पंगत.

आईने एवढंच विचारलं की घासणाऱ्या बायांची पानं कुठे. दादा म्हणाला, मागे, सगळ्यांबरोबर, जरा उशिरा. एक दिवस जाऊ दे, साहेब लोक काय म्हणतील. आई गप्प बसली. माझी आई गप्प बसली की घरातलं मांजरसुद्धा चुलीपाशी जात नसे, पण दादा त्या दिवशी नव्या सुटात होता, त्याला ते दिसलं नाही.

लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. आचाऱ्याने साहेबांना बसून घ्या म्हणून सांगितलं. तेवढ्यात आई मागे गेली आणि पाळीच्या चारही बायांना हाताला धरून पुढे घेऊन आली. त्यातली सगळ्यात म्हातारी माझी चुलत आजी, मोळ्या विकून पोट भरणारी, पहाटेपासून चुलीपाशी असल्याने कोपरापर्यंत काळी झालेली. आईने तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं, बाकीच्या तिघींना ओळीने, आणि शेवटच्या खुर्चीवर स्वतः बसली. नवरदेवाची आई. तिला ऊठ म्हणायची कोणाची छाती?

पांढऱ्या कापडावर आजीचे काळे हात दिसत होते. आचारी दादाकडे बघत राहिला. दादा घाईने आला, वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आये, आज तरी माजी लाज काडू नको."

आई दबक्या आवाजात बोलली नाही. "उष्ट्याचं दिवस आमी गाडलं रं पोरा. तू ते उकरून काडू नको. वाड यांना."

वाढलं गेलं. आजीने श्रीखंड चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि आपला भात मागितला. मग मागच्या पातेल्यातला भात पुढे आला. साहेबांचं म्हणाल तर त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. एक जण उरलेल्या खुर्चीवर बसून मुकाट्याने जेवलाही. ज्याला वाटायचं ते माझ्या भावाला वाटलं. तो त्या दिवशी आईशी बोलला नाही आणि पुढेही कितीतरी महिने कामापुरतंच बोलला.

संध्याकाळी मांडव सुटत होता. चिंचेखाली त्या चौघी पातेली घासायला बसल्या होत्या, बाहेरून चिंच आणि राख, आतून कल्हईला जपून. तिथे नवी नवरी आली. पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि काथ्या उचलला. आजीने हात धरला, म्हणाली, आज नको, तू नवरी हायस. वहिनी म्हणाली, "घरात आले, तर माजी पाळी आजपास्नंच धरा."

आईने विचारलं, जेवलीस का. ती जेवलेली नव्हती. टेबलाशी बसवून तिचे फोटो काढले होते, पण घास काही पोटात गेला नव्हता. आईने एक पत्रावळ आणली, राखेच्या टोपलीशेजारी मांडली आणि उरलेला गार भात तिच्या पुढ्यात वाढला. आधी जेवली, मग घासलं.

आता वाटेल की त्यानंतर सगळं सुधारलं. अजिबात नाही. पुढच्या लग्नाला टेंपो आला, त्याच्या पुढच्याला मोठा टेंपो. ज्याला खुर्च्या परवडत नव्हत्या तो पोरीचं लग्न लांबणीवर टाकू लागला. आजी गेली, मग आई गेली. विहारात पातेल्यांवर हिरवं चढलं आणि चौक गावचा कल्हईवाला चाचा आमच्याकडे वळेनासा झाला.

मधल्या काळात कर्जतच्या बाजूला मुंबईवाल्यांचे बंगले उठले. त्यातल्या एका बाईंना जुनी तांब्या-पितळेची भांडी हवी होती, बागेत त्यात झाडं लावायला. त्यांना आमच्या वस्तीत घेऊन आला तो माझा दादाच. पातेली द्यायची आणि त्यांच्या बदल्यात विहाराला खुर्च्या घ्यायच्या, असा बेत त्याने आधीच चारचौघांच्या गळी उतरवला होता. मी तेव्हा माहेरी आले होते. विरोध केला तर म्हणाले, तू परघरची.

एक पातेलं बाहेर अंगणात आणलं. बाईंनी अंगठीने त्यावर टकटक करून बघितलं, खूश झाल्या. गोड बोलत होत्या, वाईट नव्हत्या. हे इथे नुसतं पडून असतं, आमच्याकडे त्याची शोभा होईल, म्हणाल्या. माना डोलायला लागल्या.

तेव्हा वहिनी पुढे झाली. "न्या की बाई," ती म्हणाली, "पर ह्या पातेल्याचा नेम हाय. ज्या बायांनी हे घासलं त्यांची पानं पयली. आमी घासलंय, आमच्या सासूनं घासलंय. तुमच्या बंगल्यात आमची पानं कुटं वाडाल? पुडं का मागं?"

बाईंना प्रश्न कळला नाही. त्या हसून दादाकडे बघू लागल्या, तो सांगेल म्हणून. दादाला कळला होता.

वहिनीने पातेल्याची एक कडी धरली आणि दुसऱ्या कडीशी कोणी येतंय का याची वाट बघत उभी राहिली. एकटीला ते उचलत नाही. मी पुढे होणार होते, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती दादाकडे बघत होती.

मग दादाने पायातले बूट काढले, कारण विहारात बूट चालत नाहीत, आणि वाकून दुसरी कडी धरली.