रिकाम्या वर्गाचा कागद

१९७१ साली मी चाळीस वर्षांचा होतो, आणि त्या साली सरांचं नख माझ्या कानात बसलं ते आजतागायत निघालेलं नाही.

नख म्हणजे उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं. सर कुठंही टेकले की ते नख बाकावर, टेबलावर, नाहीतर एसटीच्या खिडकीच्या पत्र्यावर वाजायचं. टक. मग एक, दोन, तीन मोजावं, की पुन्हा टक. लवकर नाही, उशिरा नाही. बोलताना वाजायचं, गप्प असताना वाजायचं. एकदा ते टेबलावर डोकं टेकून झोपलेले असताना मी चहा घेऊन गेलो, तर माणूस झोपलेला आणि बोट जागं.

औरंगाबादला मास्तर तयार करणारं एक कॉलेज आहे, तिथं मी शिपाई होतो. सर तिथंच हंगामी प्राध्यापक. अंगानं काटकुळे, आवाज इतका हलका की समोरच्यानं मान पुढं काढावी. विद्यापीठाच्या मोठ्या पदवीसाठी त्यांचा प्रबंध चालला होता. नऊ वर्षं चालला होता. तो मान्य झाला तर नोकरी पक्की, नाहीतर त्या उन्हाळ्यात घरी. हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सरांपुढं कुणी काढत नव्हतं.

प्रबंध कशावर? मास्तर कसा शिकतो यावर. मी म्हणलं, "सर, मास्तर शिकवतो, शिकतो कुठं?" सर म्हणाले, "तेच शोधतोय, मामा." शिपायाला मामा म्हणायची पद्धतच होती, पण सर म्हणायचे तेव्हा सख्खं वाटायचं.

त्यांची कामाची रीत अशी. वर्गात मागच्या बाकावर बसायचं. दर टकेला, त्या घडीला वर्गात जे चाललं असंल त्याचा आकडा कागदावर टाकायचा. मास्तर सांगतोय, पाच. मास्तरानं विचारलं, चार. पोरानं उत्तर दिलं, आठ. कुणीच बोलत नाय, दहा. असा अर्धा तास. एकट्याचं लिहिलेलं विद्यापीठ मानत नव्हतं. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या कागदाकडं न बघता लिहायचं आणि नंतर जुळवायचं. आता खेड्यापाड्यात फुफाटा खात सरांबरोबर कोण प्राध्यापक येणार? सर माझ्याकडं आले.

मी म्हणलं, "मी तिसरी शिकलेला माणूस. तीही निजामाच्या काळात, उर्दूत."

"आकडे येतात ना?"

"आकड्यात मी कुणाला हार जात नाय."

ते खरंच होतं. दोन महिन्यांत मी असा तयार झालो की बी.एड.च्या पोरांनी माझ्याकडं शिकायला बसावं. प्रबंधात टाइप केलेल्या कागदावर माझं नाव होतं, खाली हुद्दा सहनिरीक्षक, आणि माझी सही. अंगठा नाही, सही.

सर घरी जेवायला आले तरी नख थांबायचं नाही. भाकरी संपवून ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरात पाच तुम्ही." तिला मी आकडे सांगून ठेवले होते. ती म्हणाली, "आन हे?" सर म्हणाले, "हे दहा." ती म्हणाली, "खरंय. तोंड उघडतंय कुठं ह्यांचं."

पण सरांची एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. ते बसले की थोड्या वेळानं वर्ग त्यांना विसरायचा. मागं वळून बघणारी पोरंही बघायची थांबायची. एकदा मी तापानं आडवा होतो म्हणून सर एकटेच एका शाळेत गेले, आणि तिथल्या मास्तरानं वर्ग सोडून बाहेरून कुलूप घातलं. सर आत. दिवस कलला तरी परतले नाहीत म्हणून तसाच उठून मी गेलो, किल्ली मिळवली, दार उघडलं. सर मागच्या बाकावर बसलेले, नख चालू, कागद आकड्यांनी भरलेला.

"सर, हाक मारायची ना."

"वर्ग सुटला का अजून चाललाय, ते बघत होतो."

मी कागदाकडं बघितलं नाही. नियम म्हणजे नियम.

आता मास्तरांचं सांगतो, कारण सरांचा अर्धा प्रबंध त्या एका माणसावर उभा होता. शेंद्र्याच्या पुढं एका वस्तीवर एकशिक्षकी शाळा होती. पोरं बहुतेक मेंढरं राखणाऱ्यांची. मास्तर शहरातले, मुसलमान, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या आधी सगळं उर्दूतून शिकवलेले. ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या. मास्तरांना महिनाभराचं शिक्षण देऊन सांगितलं, आता मराठीतून शिकवा. मास्तरांना मराठी येत नव्हती. मग ते एखादी वस्तू वर धरायचे आणि पोरांना विचारायचे, "ह्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" आणि थांबायचे.

थांबायचे म्हणजे किती? बाकीचे मास्तर प्रश्न विचारतात आणि एक दहा पडायच्या आत आपणच उत्तर देतात. कुठलाही कागद काढा. चार, पाच, पाच, पाच. या मास्तरांचा कागद वेगळा. चार, मग दहा, दहा, दहा, दहा, सहा-सात दहा, आणि मग आठ. मग दुसरं पोरगं, आठ. मग भांडण, आठ, आठ, आठ. वीस वर्षं झाली, मराठी आली, तरी थांबायची सवय गेली नाही. मराठीही आली ती पोरांचीच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाला मास्तर म्हणाले, "बसा की, लई दमलाव. तोंड पार सुकलंय कोकरावानी." साहेबानं शेऱ्यात लिहिलं, भाषा अशुद्ध.

सर मात्र बाहेर येऊन म्हणायचे, "मामा, ज्याला येत नव्हतं तोच शिकवायला शिकला. हे मला लिहायचंय." एवढं बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. एरवी तो चेहरा मातीच्या भिंतीसारखा.

प्रत्येक मास्तराच्या सहा भेटी ठरलेल्या. पाच झाल्या, मध्ये दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीनंतर ठरलेल्या तारखेला आम्ही एसटीनं उतरून चालत गेलो. आडावर एक माणूस पोहरा ओढत होता. तो म्हणाला, "मास्तर गेले की. पंधरा दिस झाले. छातीत कळ आली. नवा मास्तर अजून आला नाय."

सर उभे राहिले. नख धोतराच्या काठावर वाजत होतं, त्याला आवाज नव्हता. मी म्हणलं, "चला सर, परतीची गाडी मिळंल."

सर म्हणाले, "सहावी भेट राहिली."

"कुणाची?"

सर शाळेकडं चालायला लागले. शाळेच्या दाराला नुसती कडी होती. आत बस्करपट्ट्या अंथरलेल्या तशाच, वर धुळीचा थर, त्यात कुणाचं पाऊल नाही. सर मागं जाऊन बसले. मीही बसलो. दुपारचे साडेअकरा झाले असतील. पोरं मेंढरांमागं गेलेली. लांब पिठाच्या गिरणीची पुकपुक चालली होती, तेवढाच आवाज. आणि टक.

मी मनात म्हणलं, सोपं काम आहे. अर्धा तास दहा, दहा, दहा. पहिल्या टकेला पेन्सिल टेकवली आणि माझ्या हातानं लिहिलं, चार.

मी खोडायला गेलो नाही. खोडायचं नाही, हाही नियम. दुसऱ्या टकेला दहा. मग दहा. मग दहा. आणि गिरणी बंद पडली. आता मी जे सांगतो ते तुम्हाला पटावं म्हणून सांगत नाही. मला आवाज आला नाही. कुणी दिसलं नाही. पण खोली रिकामी असते तेव्हा कशी असते, ते मला ठाऊक आहे. मी शिपाई, रोज रिकाम्या खोल्या झाडणारा. ही खोली रिकामी नव्हती. कुणीतरी वाट बघत होतं, आणि कुणालातरी उत्तर येत होतं पण तो बोलायला लाजत होता. सातव्या दहानंतर माझ्या हातानं आठ लिहिला. लागलीच दुसरा आठ. ऊन दारातून आत आलं होतं.

अर्धा तास भरला. नख थांबलं. लांब गिरणी सुरू झाली.

गाडीची वाट बघत लिंबाखाली आम्ही कागद जुळवले. एरवी आमचे आकडे चार-दोन जागी तरी फुटायचे. त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही फुटला नाही. सरांनी दोन्ही कागदांवर तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या आणि गाडी धरली.

प्रबंध मोठ्या साहेबांकडं गेला. मोठे साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, सरांचे मार्गदर्शक. त्यांनी कुठूनतरी मास्तर वारल्याची तारीख काढली. मला आत बोलावलं. सर आधीच उभे होते.

"मेलेल्या माणसाचा वर्ग बघितलात तुम्ही?" साहेब म्हणाले.

मी म्हणलं, "मोकळी खोली होती, साहेब. आम्ही बसलो."

"आणि प्रश्नोत्तरं लिहिली?"

"व्हय."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी डोक्याला हात लावला. सहावा कागद काढला तर सहा भेटी भरत नाहीत, मास्तर प्रबंधातून जातो आणि मास्तर गेला की प्रबंधात काही उरत नाही. ठेवला तर विद्यापीठ सगळ्यालाच बनावट म्हणणार. त्यांनी एक ओळ लिहून माझ्यापुढं सरकवली. तारीख सहनिरीक्षकाच्या चुकीने दिवाळीनंतरची पडली, भेट दिवाळीपूर्वीची आहे. "सही कर," ते म्हणाले. "शिपायाची चूक कुणी मनावर घेत नाही. याची नऊ वर्षं वाचतील."

मी सरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी वाट बघितली की ते म्हणतील, मामा, करा. एक शब्द म्हणले असते तर मी केली असती. ते म्हणाले, "तुमचा कागद तुमचा आहे, मामा."

मी सही केली नाही. का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. चाळीस वर्षांत माझ्या शब्दाला कुणी कागद म्हणलं नव्हतं. तो एक कागद खरा होता आणि मी तो चुकीचा म्हणायला तयार नव्हतो. साहेबांनी सरांना विचारलं, "तू तरी सांग." सर म्हणाले, "तारीख बरोबर आहे." झालं. प्रबंध परत आला.

निघायच्या दिवशी सर जिन्यावर भेटले. हातात वळकटी आणि पिशवी. मी म्हणलं, "सर, माझ्यामुळं गेलं तुमचं."

"तुमच्यामुळं नाही." मग म्हणाले, "मामा, त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"नाय. तुम्हाला?"

"नाही."

"मग लिहिलं कसं, सर?"

"लिहिताना खोटं वाटलं का?"

"नाय."

"मलाही नाही," ते म्हणाले. पिशवीतून माझा सहावा कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांच्या बोटाकडं बघितलं तेव्हा ध्यानात आलं, ते वाजत नव्हतं. कधीपासून, कुणास ठाऊक. जिना उतरून ते बाहेर पडले आणि पोर्चमध्ये उभ्या असलेल्या पोरांतून गेले. एकाही पोरानं मान वर केली नाही. ते कुठं गेले, पुढं काय केलं, मला कधीच कळलं नाही. पत्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा न टाकताच मुकुंदवाडीला गेलो. मास्तरांची बायको तिथं भावाकडं राहत होती, हे त्या आडावरच्या माणसाकडून कळलेलं होतं. वस्तीवरच्या भेटींत तिनं आम्हाला बघितलेलं, म्हणून दारातच ओळखलं. "वो टक-टक वाले साहब के साथ के तुम," असं म्हणून चटई टाकली. मी सगळं सांगितलं, मोकळ्या खोलीचंही. ती भ्यायली नाही. एवढंच म्हणाली, "उनो क्या पूछ रहे थे बच्चों कू?"

मी कागद बघितला. जागोजाग चार होते. चार म्हणजे विचारलं. काय विचारलं त्याला आमच्या रीतीत जागा नव्हती. मी तसं सांगितलं.

"हौ," ती म्हणाली. मग म्हणाली, "पढ़ो."

मी वरच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. चार. दहा. दहा. दहा. ती डोक्यावरची ओढणी सारखी करून समोर बसली होती, डोळे मिटलेले, आणि मी दहा म्हणलं की तिचे ओठ हलत होते.